विमान तुझं

मास्तरांचा डावा कान जन्मतः चांगला होता. तो त्यांच्या मास्तरांनी घालवला. शिकाऊ असताना उतरण्याचा वेग जास्त ठेवला, म्हणून त्या थोर माणसानं मागच्या सीटवरून लोखंडी टॉर्च घातली, आणि वेग जागच्या जागी कमी झाला. कान गेला, पण वेग कायमचा सुधारला, असं मास्तर आयुष्यभर कौतुकानं सांगत आले. विमान शिकवायला काय काय लागतं असं कुणी विचारलं, तर ते परवाना, वैद्यकीय दाखला आणि टॉर्च अशी तीन नावं घेत. टॉर्च अंधारासाठी नव्हती. तिच्यात सेलसुद्धा नसत. सेलच्या जागी त्यांनी शिसं भरून घेतलं होतं.

वैमानिकी त्यांनी सगळी करून पाहिली होती. शेतांवर औषध फवारलं, टपाल वाहिलं, एका श्रीमंत माणसाला आणि त्याच्या कुत्र्याला वर्षभर इकडून तिकडे नेलं. पण रमले ते शिकवण्यात. धावपट्टीच्या कडेला पत्र्याचं हँगर, त्याला चिकटून क्लबच्या दोन खोल्या, आणि चार शिकाऊ विमानं. तिथं त्यांनी एवढ्या पोरांना उडवलं होतं की कुठल्याही मोठ्या विमानतळावर एखादा गणवेशातला कॅप्टन त्यांना बघून हटकून आपली बोटं खिशात घालायचा.

क्लबच्या शिकाऊ विमानात दोघं शेजारी-शेजारी बसतात. दोघांपुढे एकेक दांडी, आणि दोन्ही दांड्या खालून एकमेकींना जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलते. म्हणून विमान या घडीला कोण चालवतंय हे तोंडानं सांगायची पद्धत आहे. मास्तर म्हणणार, “विमान माझं.” पोरानं हात काढायचा आणि म्हणायचं, “विमान तुमचं.” परत द्यायचं असलं की मास्तर म्हणणार, “विमान तुझं.” सगळ्या जगात हे असंच चालतं. मास्तरांच्या विमानात फरक एवढाच होता, की “विमान तुझं” म्हटल्यावर त्यांचा एक हात दांडीपासून बोटभर अंतरावर राही आणि दुसऱ्या हातात टॉर्च असे. विमान पोराचं, ते या दोन्हींच्या मधल्या जागेत.

त्यांचा सिद्धांत साधा होता. घाबरलेला माणूस दांडी आवळतो. आवळलेली दांडी माणसाला मारते. तेव्हा त्याच्या आधी आपण मारावं, म्हणजे मूठ सुटते.

मूठ सुटायची. कधीकधी बोटाचं हाडही सुटायचं.

असं एक बोट गेल्या हंगामात सुटलं. पोराचं नाव मास्तरांनी मेणबत्ती ठेवलं होतं, कारण विमानात बसलं की तो वितळायचा. उतरताना मेणबत्तीनं दांडी पोटाशी ओढून धरली, मास्तरांनी टॉर्च घातली, आणि इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येईल असा ‘कट्’ आवाज झाला. मास्तरांच्या चांगल्या कानाला तो ऐकू आला. उतरणं मात्र नितांतसुंदर झालं.

दुसऱ्या दिवशी मेणबत्तीचे वडील हँगरमध्ये आले. ते बांधकामाचे कंत्राटदार होते, आणि ज्यांनी एके काळी विटा स्वतः वाहिल्या असाव्यात अशा अंगाचे होते.

“मास्तर तुम्हीच का?” त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

“मीच. बसा.”

ते बसले नाहीत. त्यांनी मास्तरांच्या तोंडावर एकच ठोसा दिला. मास्तर विमानाच्या चाकाशी जाऊन पडले, खालचे दोन दात थुंकले, ते नीट बघितले आणि उठून टॉर्च घेतली. कंत्राटदारांची भुवई फुटली. मग दोघंही वयस्क गृहस्थ पंखाखाली लोळले. कंत्राटदारांनी मास्तरांचं डोकं जमिनीवर आपटलं, मास्तरांनी त्यांच्या मनगटाला उरलेल्या दातांनी धरलं. सिमेंटवर रक्ताचे आणि ऑइलचे डाग असे काही मिसळले की कुठला कुणाचा सांगता येईना.

मिस्त्री स्टुलावर बसून डबा खात होता. “पंखाला धक्का लागू देऊ नका,” तो म्हणाला. “कालच रंग दिलाय.”

क्लबचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांना भांडण नको असे आणि वकील तर त्याहून नको असे. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं, टॉर्च मागून घेतली, आपल्या खणात ठेवली आणि किल्ली फिरवली.

“हे बघा, तुमच्या शिकवण्याच्या परवान्याची मुदत संपत आलीय. परीक्षक येतोय. त्याच्यासमोर हात उचललात तर परवाना गेला, आणि परवाना गेला की तुम्ही गेलात. या वयात परत कोण देणार?”

“विमानात बसून हात जोडू का?”

“जोडा. पण उगारू नका.”

घरी बायकोनंही ते ऐकलं. तोंड सुजल्यामुळे मास्तरांना चहा बशीत ओतून गार करून द्यावा लागत होता.

“परवाना गेला तर तुम्ही दिवसभर घरी?” तिनं विचारलं.

“मग कुठं जाणार?”

बायकोनं बशी खाली ठेवली. “अहो, काय वाटेल ते करा,” ती म्हणाली, “पण पास व्हा.”

घरात मास्तरांनी माणसावर कधी हात टाकला नव्हता. हे ते स्वतःच अभिमानानं सांगत. कपांवर टाकला होता, दारांवर टाकला होता, आणि एकदा रेडिओवर, तो हवामानाचा अंदाज चुकीचा देत होता म्हणून.

परीक्षक आला तो घोरपड निघाला.

घोरपड म्हणजे मास्तरांचाच जुना विद्यार्थी. दांडी अशी धरायचा की चार माणसं लावली तरी सुटणार नाही, म्हणून ते नाव. त्याच्या मुठींवर मास्तरांनी एक अख्खा हंगाम खर्ची घातला होता. आता तो सरकारी खात्यात परीक्षक होता. केस पिकलेले, शर्टाला इस्त्री, आवाज मऊ. वैर असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तो वाकून पाया पडला.

“सर, तब्येत कशी आहे?”

“दोन दात कमी आहेत.”

“ऐकलं.” त्यानं अगदी सहानुभूतीनं मान हलवली. “खात्यात सगळ्यांनीच ऐकलंय.”

शिकवणाऱ्याची परीक्षा घ्यायची पद्धत चमत्कारिक आहे. परीक्षक विद्यार्थ्याचं सोंग घेतो. मुद्दाम चुका करतो, गोंधळतो, घाबरतो. शिकवणाऱ्यानं त्याला खरंखुरं पोर समजून शिकवायचं आणि वेळेवर सावरायचं. सोंग संपवायचं असेल तेव्हा परीक्षक म्हणतो, “थांबा, परीक्षक बोलतोय.” ते म्हणेपर्यंत तो जे करील ते सोंगच धरायचं.

“ठरल्याप्रमाणे,” घोरपड पट्टे आवळत म्हणाला. “मी आजपासून शिकायला आलोय. मला काही येत नाही.”

“ते मला माहीतच आहे,” मास्तर म्हणाले.

विमान वर गेलं. मास्तरांनी आपला डावा हात, विद्यार्थ्याच्या बाजूचा, मांडीखाली दाबून ठेवला होता. घोरपडीनं सोंग सुंदर वठवलं. डावीकडे वळ म्हटलं की तो उजवीकडे वळला. वेग बघ म्हटलं की खाली कुणाचं तरी घर बघू लागला. तोंडाची टकळी तर अखंड.

“सर, ढग लागतात का हो अंगाला?”

“नाही. नाक आडवं ठेव.”

“माझं?”

मांडीखालचा हात शिवशिवला. मास्तरांनी मांडीचा भार वाढवला. “विमानाचं, बाळ,” ते म्हणाले. ‘बाळ’ हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होता. येताना तो उरलेल्या दातांना घासत आला.

“सर, आमचे आधीचे सर मारायचे.” घोरपड समोर बघत, त्याच बावळट आवाजात म्हणाला. “हातावर. मग रात्री जेवताना घास धरता यायचा नाही.”

“त्यामुळे शिकलास की नाही?”

“मला कुठं येतंय सर? मी आजच आलोय.”

मास्तर हसले. मनात म्हणाले, हा मला डिवचतोय. मी हात उचलावा म्हणून याचं सगळं चाललंय. एक चापट, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातला शिपाईसुद्धा पेढ्यासारखी बातमी वाटत फिरेल. त्यांनी हात आणखी आत सारला.

शेवटचा धडा स्पिनचा. विमानाचा वेग मुद्दाम मारायचा, नाक वर, मग एक पंख कोसळतो आणि विमान गरगर फिरत खाली जाऊ लागतं. खालची जमीन जात्यासारखी फिरते. बाहेर पडायची रीत लहान आहे: फिरण्याच्या उलट बाजूचा रडर, म्हणजे शेपटी वळवणारी पट्टी, पायानं दाबायचा आणि दांडी पुढे. माणसाचं मन मात्र जमीन अंगावर येताना बघून दांडी मागे ओढायला सांगतं. मागे ओढली की विमान फिरतच राहतं.

मास्तरांनी भरपूर उंची घेऊन विमान स्पिनमध्ये घातलं. “विमान तुझं,” ते सवयीनं म्हणाले. “आता दांडी पुढे. हळूच.”

घोरपडीनं दांडी पोटाशी ओढली आणि धरून ठेवली. “सर, आपण मरणार,” तो ओरडला.

“मरणार नाही. दांडी पुढे.”

“आई गं, सर, जमीन फिरतेय.”

“फिरू दे. तू दांडी पुढे कर.”

खाली शेतं, रस्ता, शेतं, रस्ता. मास्तरांनी मनाशी हिशेब केला. अजून उंची आहे. ठरलेल्या उंचीला ताबा घ्यायचा, त्याच्या आत बोलून सोडवायचं. ते बोलत राहिले. इतकं गोड ते लग्नातही बोलले नव्हते. घोरपड बोंबलत राहिला. आणि मग, एका गिरकीच्या मध्यावर, तो बोंबलायचा थांबला.

“विमान माझं,” मास्तर म्हणाले.

उत्तर नाही. दांडी जागची हलली नाही.

“विमान माझं. सोड.”

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. घोरपडीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून श्वास जात नव्हता की येत नव्हता. डोळे समोर, पापणी लवत नव्हती. मुठी पांढऱ्याफटक. मास्तरांनी शेकडो घाबरलेली पोरं पाहिली होती. सोंग करणारा आवाज करतो. खरा घाबरलेला गप्प होतो.

तरी त्यांनी एक गिरकी वाया घालवली. हा इतका चांगला नट असेल तर? त्या एका गिरकीत जमिनीवरची झाडं झाडांसारखी दिसू लागली.

मग मांडीखालचा हात बाहेर आला.

पहिला ठोसा घोरपडीच्या नाकावर बसला. नाक मोडल्याचं मास्तरांना बोटांच्या सांध्यांत कळलं. रक्त खाली न पडता गिरकीच्या ओढीनं बाजूला गेलं आणि काचेवर पसरलं. मूठ सुटली नाही. दुसरा ठोसा जबड्यावर, तिसरा कोपरानं गळ्याजवळ. मास्तरांनी त्याच्या मनगटाला धरून पिळलं, बोटं एकेक करून मागे वाकवली, आपला पाय दांडीला लावून ढकललं. दर तडाख्याबरोबर मूठ आणखी घट्ट झाली. घोरपडीच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. एखादं पोर शाळेत हात पुढे करून डोळे मिटून घेतं, तेव्हा काढतं तसा तो आवाज होता. त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते. तो जमिनीला घाबरलेला नव्हताच. तो पुढच्या तडाख्याची वाट बघत होता.

मास्तरांचा चौथा ठोसा हवेत होता. तो तिथंच राहिला.

आता इथं एखाद्या विचारी माणसानं विचार केला असता. मास्तरांजवळ तेवढी उंची उरली नव्हती. त्यांनी दोन्ही पाय रडरवरून काढले. उगारलेला हात आणि दुसरा हात, दोन्ही उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवले, घोरपडीच्या नजरेच्या कोपऱ्यात दिसतील असे, बोटं एकमेकांत गुंफून.

“विमान तुझं,” ते म्हणाले. “बघ इकडे. माझे हात वर आहेत. मी मारत नाही. विमान तुझं.”

रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता. तो वर बघत होता, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं.

घोरपडीची नजर आधी हलली. डोक्यावरच्या हातांपर्यंत गेली, तिथं थांबली. खांदे खाली आले. फुटक्या नाकातून श्वास फुर्रकन आत गेला. मूठ ढिली झाली, आणि त्या ढिल्या मुठीतून एक जुना, चांगला वैमानिक कामाला लागला. उलट रडर. दांडी पुढे. गिरकी थांबली. जमीन समोरून वर येत होती ती हळूहळू खाली सरकली. दोघांचीही आतडी सीटमधून खाली गेली, पंख कुरकुरले, आणि विमान झाडांच्या शेंड्यांवरून पानं उडवत सरळ झालं. सायकलवाला खड्ड्यात पडला होता.

बऱ्याच वेळानं घोरपड म्हणाला, “थांबा. परीक्षक बोलतोय.”

“बोल.”

त्यानंच विमान परत नेलं आणि उतरवलं. मास्तरांचे हात उतरेपर्यंत डोक्यावरच होते. खाली काढायचं त्यांना सुचलं नाही.

मिस्त्रीनं दार उघडलं, आत रक्तानं माखलेली काच आणि दोघांचे शर्ट पाहिले. “परीक्षा लेखी का घेत नाहीत?” तो म्हणाला, आणि फडकं आणायला गेला.

क्लबच्या मागच्या खोलीत घोरपड पलंगावर बसला. मास्तरांनी त्याच्या नाकावर कापूस दाबून धरला. त्यांच्या मुठीचे सांधे सोलवटले होते. त्यावर कुणी काही बांधलं नव्हतं.

“माझं काय झालं मला कळलं नाही,” घोरपड नाकातून म्हणाला. “मी सोंगच करत होतो. मग तुमचा हात मांडीखाली हललेला दिसला.”

“मारायला काढला नव्हता तेव्हा.”

“माहीत आहे. पण मूठ आपोआप वळली. पूर्वीही तसंच व्हायचं सर. तुम्हाला वाटायचं मी विमानाला भितो. मी विमानाला कधीच भ्यालो नाही.”

मास्तरांनी कापूस बदलला.

“खात्यात मी माझं सांगणार आहे,” घोरपड म्हणाला. “दांडीवर मूठ वळते म्हणून. कदाचित माझंही उडणं बंद करतील.”

“आणि माझं?”

“नापास.”

“मारलं म्हणून.”

“नाही. गोठलेल्या विद्यार्थ्याला शुद्धीवर आणायला योग्य तो बळाचा वापर करावा असं नियमात आहे. मारलंत ते बसवता येईल. पण चालू स्पिनमध्ये, त्या उंचीला, तुम्ही विमान विद्यार्थ्याच्या हवाली केलंत. दोन्ही हात डोक्यावर. हे कुठल्याच नियमात बसत नाही सर. कुणीही शिकवणारा असं करणार नाही.”

“नाही करणार,” मास्तर म्हणाले. “बरोबर आहे तुझं.”

दारात अध्यक्ष उभे होते. “म्हणजे मारहाणीची तक्रार नाही?” त्यांनी आशेनं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मास्तरांशी हात मिळवला, तो ठणकला, आणि निरोप समारंभाचं लवकरच बघू असं सांगून ते गेले.

मास्तर चालत घरी आले. बायको ओट्याशी उभी होती. तिनं शर्टाकडे पाहिलं.

“हे कुणाचं?”

“परीक्षकाचं.”

तिनं गॅस बारीक केला. “आणि निकाल?”

“नापास.”

तिनं शर्ट मागून घेतला, बादलीत गार पाणी सोडलं आणि तो बुडवला. पाणी गुलाबी झालं. मास्तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बनियनवर बसून सगळं सांगत गेले: बडबड, गिरकी, नाक, जबडा, मूठ. हात डोक्यावर ठेवल्याचं सांगितलं तेव्हा तिनं शर्ट चोळायचा थांबवला.

“तुम्ही?”

“हो.”

“हात डोक्यावर?”

“दोन्ही.”

“दाखवा बघू कसे.”

मास्तरांनी आढेवेढे घेतले. मग सोललेली बोटं एकमेकांत गुंफून दोन्ही हात डोक्यावर ठेवले. बायकोनं पदराला हात पुसले. भिंतीशी लावलेली दुसरी खुर्ची ओढून अगदी त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आणली आणि तिच्यावर बसली.

“असेच बसा,” ती म्हणाली. “मला जरा बोलायचंय.”